दोष रेंजचा नाही



‘खेड्यात रेंज नसते म्हणून अपडेट अडतात’ हे आपल्या वाचकाचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. आमच्याकडे विंडोज ७ नव्याने टाकलेल्या संगणकावर नेट धडधडीत चालू असतं, तरी अपडेट ८००९२००४ हा कोड दाखवून थांबतं. ऑगस्ट २०१९पासून आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ७ अपडेटवर फक्त शा-२ पद्धतीची डिजिटल सही असते. मूळ विंडोज ७ला ती ओळखता येत नाही. त्यासाठी केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ ही दोन अपडेट आधी हाताने टाकावी लागतात. संगणकाची तारीखही बघावी; मदरबोर्डवरचा सेल उतरला की ती मागे जाते आणि चांगलं डिजिटल प्रमाणपत्रही अवैध ठरतं. एवढं न तपासता, जुना चालत नाही म्हणून गरिबाच्या गळ्यात नवा संगणक मारणं गैर आहे.

– एक वाचक, कवठे येमाई, ता. शिरूर