आवराआवर आणि स्वभावाची सबब

घर का आवरलं जात नाही, याचं कारण म्हणे आता सापडलं आहे. ते घरात नाही, तुमच्या स्वभावात आहे. घर आवरण्याचे सल्ले देणाऱ्या एका विद्वानांचा हा सिद्धांत सध्या ठाण्यापासून कल्याणपर्यंत कौतुकानं सांगितला जातो. सारांश असा: काही माणसांना वस्तू डोळ्यांसमोर लागते, काहींना ती दाराआड गेल्याशिवाय चैन पडत नाही. काहींना प्रत्येक वस्तूला वेगळा खण आणि वर नावाची चिठ्ठी लागते, काहींना एका टोपलीत सगळं लोटलं की पुरतं. या दोन जोड्या एकमेकींत गुंफल्या की माणसांचे चार प्रकार तयार होतात आणि त्यांना परदेशी पुस्तकांतून आलेली किड्यांची नावंही आहेत: फुलपाखरू, मधमाशी, लेडीबग आणि रातकिडा. एका छोट्या चाचणीनं आपण कोण ते ओळखायचं, त्याबरहुकूम कपाटं, टोपल्या नि डबे विकत घ्यायचे, की पसारा संपला. संपला नाही, तर तुम्ही स्वतःला ओळखण्यात चुकलात, सिद्धांत शाबूत. ज्या सिद्धांतात चुकण्याची सोयच ठेवलेली नाही, तो शास्त्राच्या नावानं खपवला जातो तेव्हा त्याची झडती घेणं भाग पडतं.

माझा मुख्य आक्षेप एका प्रश्नात मावतो: स्वभाव कुणाचा? एका माणसाला एक खोली आणि एक कपाट मिळतं, असं गृहीत धरून हा सिद्धांत उभा आहे. आपल्याकडे कपाटातला एक खण मिळाला तरी तो वाटाघाटीनं मिळतो. आकडेच पाहू. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांसाठीच्या शहरी घराचा कार्पेट एरिया ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट धरलेला होता. त्यात चार माणसं राहिली तर माणशी सुमारे ८० चौरस फूट आले. आणि त्यातच ओटा, मोरी, संडास, देव्हारा आणि येण्याजाण्याची वाट. सहा बाय पाचचा एक पलंग ठेवला की ३० चौरस फूट गेले. डोंबिवलीतल्या जुन्या वन-रूम-किचनमध्ये बाहेरच्या खोलीत सकाळी मुलांचा अभ्यास होतो, दुपारी पंगत बसते, संध्याकाळी पाहुणे बसतात आणि रात्री गाद्या पडतात. अशा खोलीत फुलपाखरू आजी, रातकिडा बाप, मधमाशी आई आणि अजून कोशातच असलेली दोन मुलं एकत्र राहतात. यांच्यापैकी कुणाच्या स्वभावाप्रमाणे फळ्या ठोकायच्या? बहुमतानं? की प्रत्येकाला एकेक भिंत वाटून द्यायची आणि चौथ्या भिंतीतून दार काढायचं? आजीला औषधं समोर दिसायला हवीत, सुनेला तीच औषधं नातवाच्या हाताला लागू नयेत अशी वर हवीत. या दोघींचा वाद स्वभावांचा नाही. एकीची नजर कमी झाली आहे आणि दुसरीचं मूल रांगतं आहे. मूल मोठं झालं की वाद मिटतो. त्यासाठी कुणालाही आपला किडा बदलावा लागत नाही.

पण प्रश्न इथेच संपत नाही, कारण या सिद्धांताची खरी गंमत त्याच्या वापरात आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळवापराची पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण त्यात ८१ टक्के निघालं, पुरुषांचं २६ टक्के. आणि जे करत होते, त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. रोजच्या या २०२ मिनिटांच्या तफावतीचं काय करायचं, हा कुठल्याही घराच्या आवराआवरीतला पहिला प्रश्न असायला हवा. आमच्या विद्वानांच्या चाचणीत तो शेवटचाही नाही. उलट त्या तफावतीला त्यांनी प्रशस्तिपत्र मिळवून दिलं आहे. काल जो ‘मला आवरायचा कंटाळा येतो’ म्हणत होता, तो आज ‘मी ढोबळ वर्गवारीतला दर्शनी प्रकार आहे’ असं म्हणतो. ओला टॉवेल मात्र त्याच खुर्चीवर पडलेला असतो, आणि तो उचलणारे हातही तेच असतात. कंटाळ्याला निदान टोकता येत होतं. स्वभावाला कोण टोकणार? मुलगा लेडीबग ठरला की त्याला एक मोठी टोपली आणून दिली जाते आणि त्याच घरातली मुलगी जन्मतः मधमाशीच निघते, हा कीटकशास्त्रातला एक मोठा योगायोग म्हणावा लागेल. घरातल्या एकाला आपला स्वभाव जपण्याची मुभा असते, तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी तो जपून द्यावा लागतो. त्या दुसऱ्या माणसाच्या स्वभावाची चाचणी कोणी घेत नाही. घेतली, तर उत्तर बहुधा ‘दमलेली’ असं येईल, आणि त्या नावाचा किडा यादीत नाही.

बरं, हे स्वभाव तरी पक्के असतात का? कचेरीत आवक-जावक नोंदीशिवाय कागद हलू न देणारा कारकून घरी विजेचं बिल हमखास हरवतो. त्याचा स्वभाव काय कल्याण स्टेशनात उतरल्यावर बदलतो? कारण साधं आहे. कचेरीत प्रत्येक कागदाची जागा ठरलेली असते आणि ती चुकली तर विचारणारं कुणीतरी असतं. घरी यातलं काहीच नसतं. म्हणजे आवरलेपणा माणसाच्या आत कुठे दडलेला नसून नियमात आणि जबाबदारीत असतो. तरीही चाचणीचा निकाल वाचून लोक ‘अगदी मीच!’ म्हणतात, त्याचं रहस्य जुनं आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं’ म्हणून एक वर्णन दिलं. मुलांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं आणि त्यातली वाक्यं मुख्यतः राशिभविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती. ‘तुम्हाला नीटनेटकेपणा आवडतो, पण कधीकधी कामाच्या धबडग्यात राहून जातं’ हे वाक्य ठाणे जिल्ह्यात कुणाला लागू पडणार नाही?

थोडं विषयांतर करतो, कारण हा वाद आज सुरू झालेला नाही. प्रत्येक मुलाची शिकण्याची एक जन्मजात शैली असते, कुणी डोळ्यांनी शिकतं, कुणी कानांनी, आणि त्याप्रमाणे शिकवलं की गुण वाढतात, असं पालकांना अनेक वर्षं ऐकवलं गेलं. उपलब्ध संशोधनाचा आढावा घेणाऱ्यांनी २००८ मध्येच सांगितलं होतं की शैलीप्रमाणे शिकवल्यानं जास्त फायदा होतो, याला पुरेसा आधार नाही. त्यानंतरही मुलांच्या चाचण्या थांबल्या नाहीत. आता कपाटांची पाळी आली, एवढंच. त्याआधी वास्तुशास्त्राप्रमाणे तिजोरी कुठल्या दिशेला यावरून हीच घरं उलटीपालटी झाली होती. ज्या भिंतीला बिल्डरनं खिडकी ठेवली नाही तीच कपाटाची भिंत, हे सत्य तेव्हाही दिशांच्या गोंगाटात कुणाला ऐकू आलं नाही. मधल्या काळात जपानी पद्धत येऊन गेली. वस्तू हातात घ्यायची, आनंद झाला तर ठेवायची, नाहीतर निरोप द्यायचा. रेशनकार्ड, जुन्या सोसायटीच्या पावत्या आणि कुकरची जादा रिंग हातात घेऊन आनंदाची वाट पाहणाऱ्यांचं पुढे काय झालं, कुणी सांगत नाही. दिशा, आनंद, स्वभाव: दर वेळी कारण नवं असतं, पण घरातली जागा, वेळ आणि माणसं मोजायची टाळाटाळ तीच असते.

बाकीचे आक्षेप थोडक्यात. वस्तू उघड्या फळ्यांवर मांडा, हा फुलपाखरांना दिलेला सल्ला प्रदूषणापायी २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये गुलाबी रस्ता पाहिलेल्या डोंबिवलीत, किंवा मेट्रोच्या कामाची धूळ खाणाऱ्या घोडबंदर रस्त्यावर देणाऱ्यानं स्वतः येऊन फडकं मारावं. सगळं झाकून ठेवा म्हणणाऱ्यानं जुलैत बंद कपाटातल्या चामडी पट्ट्यावरची बुरशी पाहावी. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला भिंतीला खिळा मारायचीही चोरी. त्याची शैली घरमालक ठरवतो. पाणीपुरवठा बंद असण्याच्या आदल्या दिवशी पिंप, बादल्या आणि कळशा भरून ठेवायच्या असतात, तेव्हा सगळे किडे एकाच पद्धतीनं वागतात. आणि चारही प्रकारांच्या माणसांना शेवटी काहीतरी विकतच घ्यावं लागतं, हे तर सांगायलाही नको.

यावर बचाव येतो की माणसं वेगळी असतात, हे तुम्ही नाकारता का? मुळीच नाही. कुणाला समोर दिसलं तरच आठवतं, कुणाला समोर चार वस्तू असल्या की सुचत नाही, हे खरं आहे. पण अशा सवयी डझनभर असतात, वयानं आणि गरजेनं बदलतात. त्यांचे चार कायमचे कप्पे पाडायला कुठलाही आधार नाही. दुसरा बचाव अधिक हळवा आहे: प्रकार कळला की अपराधी वाटणं थांबतं. थांबत असेलही, पण पसारा तिथेच राहतो आणि अपराधी वाटण्याचं काम घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे जातं. तिसरा बचाव असा की आता बाळकुमला, कोलशेतला, खडकपाड्याला मोठी घरं होत आहेत, तिथे हे चालेल. तिथेही सीएसएमटी ठाण्याहून ३४ आणि कल्याणहून ५४ किलोमीटरवरच आहे. नोकरीसाठी रोज दोन्ही वेळा हे अंतर कापणारं माणूस रात्री घरात शिरतं तेव्हा त्याच्या अंगात कुठलाच प्रकार शिल्लक नसतो. हातातली पिशवी दारापासून पहिल्या सपाट जागेवर पडते. त्या जागी आपण सेटी ठेवली की हूक लावला, यावर उद्याचा पसारा ठरतो. एकट्यानं राहणाऱ्याचं मात्र या सिद्धांतानं फारसं बिघडत नाही, हे मान्य; त्याच्या टॉवेलाचा त्रास त्यालाच होतो.

मग करायचं काय? माझं म्हणणं फारसं चमकदार नाही. घराची रचना माणसाच्या प्रकारावर नव्हे, वस्तूच्या वापरावर ठरवावी. रोज लागणारं गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, आणि खांदा घरातल्या सर्वांत बुटक्या मोठ्या माणसाचा धरायचा. आठवड्याला लागणारं त्याच्या वर-खाली. वर्षातून एकदा लागणारं, म्हणजे मखर, कंदील, पाहुण्यांच्या गाद्या, माळ्यावर किंवा बॉक्सबेडमध्ये. सहा बाय पाचच्या पलंगाखाली फूटभर उंची मिळाली तरी ३० घनफूट जागा होते आणि तिला भाडं पडत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी घराची कागदपत्रं, प्रमाणपत्रं खालच्या खणात कधीच ठेवू नयेत. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या वस्त्यांना हे २००५ च्या आणि २०१९ च्या जुलैतल्या पुरांनी शिकवलेलं आहे. माळा वर्षातून एकदा, गणपतीचं सामान काढतानाच, पूर्ण रिकामा करावा आणि लागोपाठ दोन वर्षं न उघडलेला खोका परत वर चढवू नये. हे सगळं नवं आहे असा माझा दावा नाही. भिंतीवरची मांडणी, कोनाडा आणि खुंटी वापरणाऱ्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी कुठलीही चाचणी दिली नव्हती.

उरतो तो कचेरीकडून घ्यायचा धडा: जागा ठरलेली हवी आणि विचारणारं कुणी हवं. घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून किल्ल्या, चष्मा, औषधं, बिलं आणि चार्जर या पाच वस्तूंच्या जागा ठरवाव्यात. नंतर हव्या तर आणखी पाच. जो उचलेल त्यानंच परत ठेवायचं, आणि ठेवलं नाही तर लहानानंही मोठ्याला विचारायचं. जागा कोणाला आवडते यापेक्षा ती सगळ्यांना ठाऊक आहे का, हे महत्त्वाचं. पहिले काही महिने या जागा सांभाळण्याची जबाबदारी घरातल्या पुरुषांनी घ्यावी. रोजची २०२ मिनिटांची थकबाकी त्यांच्याकडेच आहे.