मृत भाषांचे मध्यस्थ

केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्याच निर्णयाने पाली व प्राकृत यांनाही तो मिळाला. मराठीचा उत्सव झाला; उरलेल्या दोहोंची आठवण फारशी कोणाला झाली नाही. वस्तुतः मराठीच्या प्राचीनत्वाचा दावा ज्या पुराव्यांवर उभा होता, ते नाणेघाटचे लेख काय किंवा ‘गाथासप्तशती’ काय, प्राकृतातच आहेत. ज्या दस्तऐवजावर वारसा सांगावयाचा, तोच वाचता येत नाही, ही आपल्या भाषाभिमानाची अवस्था आहे.

आचोळ्याहून रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेस गेले की सोपाऱ्याचा स्तूप लागतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे उत्खनन केले. त्याच वर्षी येथे अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा हाती आला. १९५६ मध्ये नवव्याचाही मिळाला. राजांच्या मृगयेच्या विहारयात्रा मागे टाकून धम्मयात्रा स्वीकारल्याची, वृद्धांना दान देण्याची, जनपदातील लोकांना भेटण्याची हकीकत आठव्या शासनात आहे. राजाने हे प्रजेला कळेल अशा भाषेत खोदविले. आज त्याच भूमीवर शाळेत जाणाऱ्या मुलाला मात्र ते दुसऱ्याने सांगितल्यावाचून कळत नाही.

‘मृत भाषांचा उपयोग काय?’ हा प्रश्न नेहमीचा आहे. आचोळ्याच्या चाळीतून पहाटेची लोकल पकडणाऱ्या बापाने तो विचारला, तर त्यात उपहास करण्यासारखे काही नाही. परंतु हाच प्रश्न सुशिक्षित समीक्षक विचारतो, तेव्हा तो एक गोष्ट लपवितो. मृत भाषा कोणी शिकली नाही म्हणून तिची सत्ता संपत नाही. ती मूठभर मध्यस्थांच्या हाती जाते. वसईच्या ख्रिस्ती समाजाला हे सांगावयास नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) येथील मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी ती भाषा ऐकली; बहुतेकांना ती कळली नाही. उपासना मराठीत आली हे योग्यच झाले. पण त्यातून निघणारा धडा ‘लॅटिन नको’ हा नव्हे. ‘न कळणारी लॅटिन नको’ हा आहे.

संस्कृतचे आपण नेमके याच्या उलट केले. माध्यमिक शाळेत तिला मान आहे, तो मुख्यतः पैकीच्या पैकी गुण देणारा विषय म्हणून. सुभाषिते पाठ, रूपे पाठ, भाषांतरेही पाठ! संहितेसमोर एकट्याने उभे राहून अर्थ लावण्याचा प्रसंग विद्यार्थ्यावर येतच नाही. संस्कृतचे भक्त या पाठांतराला संस्कार म्हणतात आणि काही देशीवादी त्यालाच संस्कृत समजून ती भाषाच नाकारतात. दोघांचेही वाचनावाचून भागते, हे त्यांच्यातील न बोललेले सख्य आहे.

पाली व अर्धमागधी मंडळाच्या विषयसूचीत आहेत. पण सूचीत असणे म्हणजे वर्गात असणे नव्हे. आमची मागणी माफक आहे. आठवीच्या मराठीच्या तासांतील काही तास ब्राह्मीची अक्षरे आणि हे एक शिलाशासन यांना द्यावेत. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम अशा तिहेरी ओळी फळ्यावर मांडाव्यात. शूर्पारकाचे सुप्पारक आणि सोपारा कसे झाले, हे मुलांनाच शोधू द्यावे. मराठी ही संस्कृतची थेट मुलगी नसून मध्ये एक मोठे घर आहे, हे त्यांना व्याख्यानाविना उमगेल.

अभिजाततेचे प्रमाणपत्र दिल्लीहून मिळू शकते. वाचक मिळत नाहीत, ते शाळेतच घडवावे लागतात. ते घडविले नाहीत, तर धम्म म्हणजे काय आणि धर्म म्हणजे काय, हे उद्याही कोणीतरी मध्यस्थच आपल्या मुलांना सांगेल, आणि तो चूक सांगतो आहे हे ओळखणारे कोणी नसेल.