स्मारकाची उंची मोजली, दाराची रुंदी कोण मोजणार?

इंदू मिलच्या जागेवर होत असलेल्या बाबासाहेबांच्या स्मारकावर कित्येक वर्षे वाद सुरू आहे. पुतळा किती फुटांचा, चौथरा किती फुटांचा, काम का रखडलं. २०२० साली सरकारने पुतळ्याची उंची २५० फुटांवरून ३५० फूट केली. १०० फुटांचा चौथरा धरून एकूण ४५० फूट. या निर्णयाचं आपल्यातल्या काहींनी स्वागत केलं, काहींनी त्यावर सडकून टीका केली. पण या गदारोळात एक प्रश्न क्वचितच ऐकू आला. व्हीलचेअरवर बसणारी, दृष्टी नसलेली, ऐकू न येणारी माणसं तिथलं संग्रहालय कसं पाहणार?

हा बाजूचा प्रश्न नाही. आमच्या मते तो थेट महाडच्या परंपरेतला प्रश्न आहे.

महाडचा इतिहास आपण दरवर्षी २० मार्चला सांगतो, पण त्यातला एक तपशील घाईत सुटून जातो. चवदार तळ्यावर १९२७ साली जाण्याची वेळ आली तेव्हा तळं कागदोपत्री खुलंच होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला होता. ठराव होता, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी बाबासाहेबांना तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या.

आता आजचं चित्र पाहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली आला. कायद्याने मान्य केलेले अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. कलम २९ नुसार कला अपंग व्यक्तींना सुगम करणं ही सरकारची जबाबदारी आहे. अपंगांचा इतिहास सांगणारं संग्रहालय उभारावं, असंही त्यात लिहिलं आहे. कलम ४५ नुसार नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम व्हायला हव्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात केंद्राच्या नियमांमधला १५ वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. कारण कायदा सक्ती करतो आणि नियम नुसत्या शिफारशी करत होता. बंधनकारक मानकं बनवा, असं न्यायालयाला सांगावं लागलं. ठराव मंजूर, तळं बंद! शंभर वर्षांनी पायऱ्या तेवढ्या बदलल्या.

काही कार्यकर्ते म्हणतील, हा अपंग संघटनांचा विषय, आपला विषय जातीचा. त्यांनी २०११ च्या जनगणनेचे आकडे पाहावेत. देशात अपंगत्वाचं प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. कुपोषण, गटारातलं आणि बांधकामावरचं जीवघेणं काम, वेळेवर न मिळणारे उपचार. जात शरीरावरही वार करते. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला अशी घरं सतत भेटतात, जिथल्या माणसाला जातीने एकदा बाहेर ठेवलं आणि पायऱ्यांनी दुसऱ्यांदा.

राज्यघटनेच्या कलम १५(२) ने विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक जागांवरची आडकाठी मोडली. त्यात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणं आहेत, अपंगत्व नाही. ती उणीव २०१६ च्या कायद्याने काही प्रमाणात भरून काढली. तो कायदा आपलाही आहे.

नावाचा खेळही आपल्या ओळखीचा आहे. 'हरिजन' म्हणून देवाशी नातं जोडायचं आणि हक्क द्यायचे नाहीत, हा डाव बाबासाहेबांनी ओळखला आणि तो शब्द नाकारला. आज 'दिव्यांग' म्हणून दिव्यत्व बहाल केलं जातं आणि स्वच्छतागृहाचं दार मात्र व्हीलचेअर आत जाईल एवढं रुंद नसतं.

"अहो, आपली पोरं आहेत की, उचलून नेऊ!" हे वाक्य आपल्या कार्यक्रमांत नेहमी ऐकू येतं. त्यामागे माया असते, पण माया म्हणजे हक्क नव्हे. उचलून नेलेला माणूस कुठल्या फोटोसमोर किती वेळ थांबायचं हे स्वतः ठरवू शकत नाही. अजिंठ्याला डोलीत बसून वर जाणाऱ्याचीही तीच अडचण. आत्मसन्मानाची चळवळ दुसऱ्याच्या खांद्यावर समाधान कसं मानेल?

१४ ऑक्टोबर १९५६ चे बाबासाहेब आठवा. दृष्टी अधू झालेली, पायांत वेदना, उभं राहायला काठीचा आणि सहकाऱ्याचा आधार. अशा शरीराने त्यांनी लाखोंना धम्म दिला. त्या शरीराला ज्या इमारतीत स्वतःहून शिरता येणार नाही, तिला त्यांचं स्मारक कसं म्हणायचं?

रॅम्प बांधला की झालं, हाही भ्रम आहे. एक फूट चढायला किमान बारा फूट लांबीचा उतार लागतो, नाहीतर ती घसरगुंडी होते. अंधांसाठी स्पर्श करता येतील अशा प्रतिकृती, मराठी ब्रेल आणि ध्वनिवर्णन हवं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' हे स्पर्शदालन आहे, म्हणजे हे अशक्य नाही. कर्णबधिरांसाठी भारतीय सांकेतिक भाषेतली चित्रफीत आणि उपशीर्षकं हवीत. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी सोप्या भाषेतले फलक हवेत. बसून वाचता येईल एवढ्या उंचीवर मजकूर हवा. इमारत जुनी आहे, पैसा नाही, ही सबब सगळीकडे चालणार नाही. फलक खाली आणायला, मोबाईलवर ऐकता येईल असं वर्णन ध्वनिमुद्रित करायला, पहारेकऱ्याला माणसाशी नीट बोलायला शिकवायला कोट्यवधी लागत नाहीत.

मग करायचं काय? प्रत्येक गटाने आपल्या जिल्ह्यातल्या एका संग्रहालयाची किंवा स्मारकाची पाहणी करावी. पाहणीचं नेतृत्व अपंग साथींकडे असावं, बाकीच्यांनी टेप धरावी. दार, उतार, स्वच्छतागृह, फलक, सगळं मोजून लिहून काढावं. माहिती अधिकारात सुगम्यतेवरचा खर्च विचारावा. उत्तर आलं नाही तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. इंदू मिलच्या संग्रहालयाचा सुगम्यता आराखडा जाहीर करा, ही मागणी आताच लावून धरावी. इमारत पूर्ण झाल्यावर भिंती फोडणं महाग पडतं. आणि सुरुवात आपल्या विहारापासून, आपल्या वाचनालयापासून करावी. तिथे तर परवानगी कुणाचीच लागत नाही.

पुतळा ४५० फुटांवरून दिसेलच. समता मात्र दाराशी, जमिनीच्या पातळीवर तपासली जाते.

जय भीम!