लांबची माणसं

आसनगावहून गाडीत बसलं की कल्याण येतं. त्याच कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथल्या कार्पेंटरबाईंनी या परक्या मुलीला लेकीसारखं घरात ठेवून घेतलं. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या, १८८७ साली वारल्या. त्यांच्या अस्थीही कार्पेंटरबाईंनी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले, युद्धातल्या जखमींची सेवा करता करता १९४२ साली तिथंच वारले. चिनी माणसं त्यांना विसरली नाहीत.

तेव्हा पोरगी कॉलेजला जाते म्हणाली, तर ‘लांब आहे’ म्हणून अडवू नका. अन् परगावची पोर आपल्या गावात शिकायला आली, तर तिला घरात जागा द्या.