मोटर गुणगुणली, तर आधी बटण बंद करा

गेल्या रमजानमध्ये ऐन सहेरीच्या वेळी परळच्या आमच्या इमारतीतले नळ कोरडे पडले. खाली जाऊन पाहतो तर पंपाची मोटर नुसती ‘हूं-हूं’ करत होती, फिरत नव्हती. आम्ही बटण बंद केले, पुन्हा चालू केले. असे चार-पाच वेळा झाले, जळका वास आला आणि मोटर कायमची गप्प झाली. वजूसाठी शेजारच्या इमारतीतून बादल्या आणाव्या लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खाला दुखऱ्या गुडघ्यांनी कळशी घेऊन उतरल्या, तेव्हा आम्हाला लाज वाटली.

वायंडिंगवाल्याने मोटर उघडली आणि म्हणाला, “गेला होता फक्त कंडेन्सर. वायंडिंग तुम्ही जाळलंत.” दोन-तीनशे रुपयांचे काम हजारांवर गेले.

आपल्या भागात पालिकेचे पाणी ठरलेल्या वेळीच येते. ते खालच्या टाकीत साठवून मोटरने गच्चीवर चढवावे लागते. म्हणून मोटरचे दुखणे ओळखण्याइतके ज्ञान प्रत्येक घरात हवे.

गुणगुणते, पण फिरत नाही. सिंगल फेज मोटरला फिरायला सुरुवात करून देतो तो कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर. तो गेला की मोटर जागीच राहते, नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि थोड्याच वेळात जळते. मेन स्विच बंद करून मागचा पंखा हाताने फिरवून पाहा. सहज फिरला तर संशय कंडेन्सरवर. घट्ट असेल तर बेअरिंग किंवा पंपाचा आतला भाग अडकला आहे. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो, त्यामुळे तो इलेक्ट्रिशियननेच बदलावा. लोहार चाळीत नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याचाच हवा, व्होल्ट त्याहून कमी नकोत.

फिरते, पण पाणी चढत नाही. आधी खालची टाकी पाहा. पाणी असेल तर पंपाने हवा पकडली आहे. पंपात पाणी भरून हवा काढावी लागते. पुन्हा पुन्हा तसे झाले तर फूट व्हॉल्व गळतो आहे.

मोटर आणि पंप यांच्यामध्ये पाणी ठिबकते. सील गेले. आज स्वस्तात बदलेल. उद्या तेच पाणी बेअरिंगमध्ये आणि मग वायंडिंगमध्ये शिरेल.

ट्रिप होते. स्विच पुन्हा पुन्हा वर करू नका. ओल्या मोटरला हात लावू नका आणि अर्थिंग तपासून घ्या.

मोठ्या इमारतींतल्या आणि पोहण्याच्या तलावांवरच्या मोटरी बहुधा थ्री फेज असतात. त्यांना कंडेन्सर नसतो, पण एक फेज गेली की त्याही अशाच गुणगुणतात. तलावाच्या पंपाच्या तोंडाशी केस-कचरा अडवणारी जाळी असते. ती तुंबली तरी पाणी कमी होते.

आता आमच्या मोटरच्या खोलीत इलेक्ट्रिशियनचा नंबर लिहिलेला आहे आणि वॉचमनला एकच ताकीद आहे: आवाज बदलला की बटण बंद. खालांना पुन्हा कळशी उचलावी लागू नये, इन्शाअल्लाह.