शिलाई मशीन आणि सिंड्रेला

रोहेना गेरा यांच्या २०१८ च्या ‘सर’ चित्रपटातली रत्ना महाराष्ट्रातल्या खेड्यातली तरुण विधवा. मुंबईत घरकाम करता करता ती फॅशन डिझायनर व्हायचं स्वप्न बघते. गावात ओके राहिलेले हात शहराच्या वाटेवर बांगड्या चढवतात. मालकाचा जीव तिच्यावर जडतो. तो तिला शिलाई मशीन भेट देतो. तिला मात्र स्वतःच्या पायांवर उभं राहायचंय.

बीड जिल्ह्यातल्या लोकांना रत्नासारख्या मुलींची गोष्ट परकी नाही. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडप्याला मिळते, म्हणून इथं कोवळ्या मुलींची लग्नं उरकली जातात. या लेकींना सिंड्रेलाच्या गोष्टीतला राजपुत्र शोधण्याआधी शिक्षण, हुन्नर आणि हक्काची कमाई द्या. प्रेमात बरोबरी येते ती त्यातूनच. हे लिहिणं याच आग्रहासाठी आहे.