मास्तरांचा मास्तर कोण?

मी मॅट्रिक. गोदीत गोण्या उचलतो, पाळी सुटली की कविता लिहितो. एमएडच्या दारात माझं काय काम? ताईची फाईल धरायला गेलो होतो.

ताई बीएड. विनाअनुदानित शाळेत राबते. एमएडची सीईटी दिली. पसंतीक्रम भरायच्या आधी म्हणाली, कॉलेजं डोळ्यांनी बघून येऊ.

पहिल्या कॉलेजात भिंतीवर जोतीबा-सावित्रीबाई. हार ताजे. खाली कारकून. "आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल." कधी येते साहेब? "ते सरकारला विचारा." अडीच लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांची ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. १९४४ पासून चालू आहे, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हापासून. आणि आज आमच्या ताईनं आधी सावकार गाठायचा!

दुसऱ्या कॉलेजात बाई फार गोड बोलल्या. "शाळेत शिकवायला बीएड पुरे की हो. तुम्ही कशाला दोन वर्षं घालवता?"

तिसऱ्यात खिडकी बंद. माझी पाळी बुडाली ती बुडालीच.

बाईंचं एक खरंय. शाळेत शिकवायला एमएड लागत नाही. लागतं ते बीएड कॉलेजात शिकवायला, मास्तर घडवायला. आमच्या पोराला कुठल्या बाकावर बसवायचं, त्याच्या बोलीला हसायचं की तिच्यातूनच शिकवायचं, ही अक्कल मास्तर तिथनं घेऊन येतो. ती गादी सोडायची नाही यांना. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीबांनी ठणकावलं होतं की प्राथमिक शाळांतले मास्तर बहुतेक बामण आहेत. शेतकरी वर्गातून, पोरांत मिसळतील असे मास्तर तयार करा. कमिशनचे कागद पिवळे पडले. जोतीबांचे विचार आता परीक्षेत टीप लिहायला येतात.

दोन वर्षं म्हणजे काय ते पण ऐका. २०१५ पासून एक वर्षाचं एमएड दोन वर्षांचं झालं. ज्याच्या बापाचं घर आहे त्याला एक वर्ष जास्त अभ्यास. आमच्या घरात एक पगार कमी.

आणि आपल्यातले काही नाक्यावरचे क्रांतिवीर! म्हणतात, "शिक्षणशास्त्र? भटांची पोथी. डिग्र्या जाळा." जाळा की लेको. जाळायला एक तरी आहे का तुमच्याकडं? बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते काय सहलीला? बीएडची पोरं ज्या जॉन ड्यूईवर टिपा पाठ करतात, त्या ड्यूईच्या वर्गात आमचा बाप बसला होता. ताईला हे अख्ख्या बीएडमधे कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं, गोण्या उचलणाऱ्यानं.

ताई त्या रात्री फॉर्म घेऊन बसली. गोड बोलणाऱ्या बाईंचं कॉलेज तिनं पहिल्या नंबरावर टाकलं. मी म्हटलं, तिथंच का गं? म्हणाली, "त्यांनाच शिकवू दे मला."